मुंबईहून आलेल्या बॅगा

मला बॅगांचा राग आहे. बॅगेसारख्या वस्तूवर कोणी एवढा खार खाऊन असतं का, असं लोक विचारतात. असतं. चाळिशी उलटेपर्यंत मी एकही बॅग दुकानात जाऊन, हातात धरून, पसंत करून घेतलेली नव्हती. माझ्या सगळ्या बॅगा मुंबईहून आल्या, थोरल्या काकूने आणल्या, आणि तिने आणलेली प्रत्येक बॅग आधी तिच्या घरात कोणीतरी वापरून कंटाळून बाजूला टाकलेली असायची.

पहिलं दप्तर तिच्या मुलाचं, म्हणजे माझ्या चुलतभावाचं. निळं होतं. पुढच्या खिशाची चेन गेलेली आणि तळाला कर्कटकाने पाडलेलं भोक, त्यातून माझी पेन्सिल शाळेत पोचायच्या आत गळायची. आतल्या बाजूला जाड मार्करने त्याचं नाव लिहिलेलं. आईने त्यावर कापडाचा तुकडा शिवला. तुकडा शिवला म्हणजे खाली काहीतरी आहे, हे वर्गातल्या पोरींनी लगेच ओळखलं, मधल्या सुट्टीत तो उसवला आणि पुढे वर्षभर मला त्या नावाने हाका मारल्या. मी घरी येऊन रडले तर आई म्हणाली, नाव पुसता येतं का बघूया. रॉकेलने घासून बघितलं. नाव तसंच राहिलं आणि दप्तराला मात्र रॉकेलचा वास लागला.

कॉलेजला जाताना काकांच्या कंपनीत दिवाळीला वाटलेली काळी बॅग मिळाली. तिच्यात लॅपटॉपचा खास कप्पा होता. आमच्या घरात तेव्हा साधा मिक्सर नव्हता, लॅपटॉप कुठला? त्या मऊ कप्प्यात मी भाकरीचा डबा ठेवायचे. नोकरी लागली तेव्हा काकूने तिची रेक्झीनची पर्स दिली. महिन्याभरात तिचे पोपडे सुटायला लागले. ऑफिसात टेबल पुसणाऱ्या बाईने एकदा सरळ विचारलं की हे काळं काळं रोज कुठून येतं. मी पंख्याकडे बोट दाखवलं.

देताना काकूचं बोलणं ठरलेलं. "अजून चांगली आहे हो. टाकवत नाही मला." तिला टाकवत नाही म्हणून ती आमच्याकडे आणून टाकायची, आणि आम्ही आभार मानायचे.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी एव्हाना विसरलेही असते. पण आमच्याकडे एक रीत आहे. कोणाचं भांडं, डबा, पिशवी रिकामी परत द्यायची नाही. शेजारणीने वाटीतून सांडगे पाठवले, तर वाटी परत जाताना तिच्यात निदान चार ओल्या मिरच्या तरी घालायच्या. वाटीपुरती ही रीत फार चांगली आहे. काकूने ती बॅगांना लावली. गणपतीला येताना ती घडी घातलेल्या रिकाम्या बॅगा आणायची, एकीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी. घरात पाऊल टाकल्याबरोबर त्या पडवीत काढून ठेवायची आणि म्हणायची, ह्या इथे असू देत हो. मागायची काही नाही. तिने कधीच काही मागितलं नाही, हे तिने मला दोनदा ऐकवलेलं आहे.

आई भरायची. नारळ, आमसुलं, कुळथाचं पीठ, उकडे तांदूळ, फणसपोळी, वर जागा उरली तर तवशी, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या काकड्या. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या जायच्या त्या वेगळ्या. थोडं न्यायाचं बोलायचं तर घर, माड आणि कलमं सामायिक आहेत, त्यांत काकांचा अर्धा वाटा आहे. काका वारले, बाबा वारले, तरी वाटा आहेच. मी तो नाकारत नाही. पण वाटा झाडांत होता. माडांना पाणी घालायला, वानरं हाकायला, आमसुलांसाठी रातांब्याची सालं पुन्हा पुन्हा रसात बुडवून उन्हात घालायला, कुळीथ भाजून दळायला मुंबईहून कोणी आलं नाही. तो वाटा सगळा आईचा.

यावरून मी आईशी इतकी भांडले आहे की आमच्या भांडणाची वाक्यंसुद्धा ठरून गेली होती. मी म्हणायचे, तुला ती लुबाडते आणि तू मूग गिळून बसतेस. आई नारळ कानाशी धरून हलवत, पाणी वाजतंय का बघत म्हणायची, "देऊन ठेवलेलं कुठं जात नाय गो." मला हे ऐकून संताप यायचा. कुठे जात नाही म्हणजे काय? काकूच्या घरी डोंबिवलीला जातं, दरवर्षी, गाडीच्या डिकीतून. ते मी माझ्या डोळ्यांनी बघत होते.

आईच्या त्या वाक्याचा अर्थ मला माझ्या मुलीच्या वेळी कळला. मुलीला मुंबईला नर्सिंगला प्रवेश मिळाला. आमच्या घरातून शिकायला मुंबईला जाणारी ती पहिली मुलगी. पण कॉलेजच्या हॉस्टेलवर जागा नव्हती, पुढच्या सत्रात मिळेल म्हणाले. नवरा बोटीवर, म्हणून मी आणि मुलगी आईकडेच राहत होतो, आणि तो परत यायला अजून अवकाश होता. पैसे भरून राहायच्या खोल्यांची मी फोनवरून चौकशी केली. एकीचा दर परवडेना, आणि दुसऱ्या बाईने मुलीबद्दल ज्या सुरात प्रश्न विचारले, तो सूर मला आवडेना. डोक्यावर छप्पर मिळालं नाही तर कॉलेजातली जागा सोडावी लागणार, हे मी आणि मुलगी दोघी मनात धरून होतो, बोलत मात्र कोणीच नव्हतं. आईने एक दिवस न सांगता काकूला फोन लावला.

काकू आधी बघू म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. गणपतीला येतोच आहोत, परतताना गाडीतून नेऊ, हॉस्टेल मिळेपर्यंत राहील. फक्त सामान आटोपशीर आणा, आमच्याकडे दिवाणाखाली काय ती जागा. फोन ठेवल्यावर आईचा चेहरा असा फुलला होता की मला बघवेना. बघितलंस, म्हणाली. तेव्हा मला उमगलं. आई इतकी वर्षं काकूच्या बॅगा भरत नव्हती. ती एका दारात आपला पाय अडकवून ठेवत होती, कोणासाठी ते तिला माहीत नव्हतं इतकंच.

मी मनाशी ठरवलं की काही झालं तरी ह्या मुलीच्या पाठीवर दुसऱ्याची उतरलेली बॅग जाणार नाही. शनिवारी आम्ही तिघी रत्नागिरीत रामआळीत गेलो. दुकानदार तरुण होता आणि आमच्याकडे बघण्याआधी आमच्या चपलांकडे बघत होता. त्याने पहिल्यांदा चाकांची कडक बॅग काढली आणि एका बोटाने फरशीवर गरकन फिरवून दाखवली. आमच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी आहे, पायऱ्या पायऱ्यांची. तिथे हे चाक पहिल्या पायरीलाच मान टाकेल, असं मी सांगितलं. तो हसला. पावसात पाय न घसरता ती पाखाडी चढून दाखव आणि मग हस, असं मी म्हणणार होते, पण मुलीने माझा हात दाबला.

मग पाठीवरच्या बॅगा निघाल्या. ही तीस लिटर, ही पंचेचाळीस, ही साठ, असं तो सांगत सुटला. आईला ते लिटर पटेनात. लिटर दुधाचे असतात. तिने एका बॅगेत कोपरापर्यंत हात घातला, तळ चाचपला आणि विचारलं की ह्यात नारळ किती जातील. दुकानदार म्हणाला, आजी, ही कॉलेजची बॅग आहे. आई म्हणाली, असूं दे, पण नारळ किती? आमच्या घरात बॅगेचं माप नारळांत चालतं आणि तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला मात्र त्या थंडगार दुकानात, दोन बायका वळून बघत असताना, घाम फुटला.

मुलीला एक हिरवी बॅग आवडली होती. लहानशी, छातीवर बांधायचा पट्टा, बाजूला बाटलीची जागा. तिने ती पाठीला लावली आणि आरशासमोर उभी राहिली. अंगावर बसली होती ती बॅग. मी म्हणाले घे. आई म्हणाली ही शाळेची आहे. मी म्हणाले, काकूने सामान आटोपशीर सांगितलंय, विसरलीस का. त्यावर आईने दुकानात सगळ्यांदेखत मला विचारलं, "दुसऱ्याच्या घरात राहायला जायचं आणि रिकाम्या हाताने जायचं? असं शिकवलंय मी तुला?"

तिथेच आमची जुंपली. दारात उभी राहिलेली गिऱ्हाइकं आत यायची थांबली. शेवटी मुलीनेच हिरवी बॅग पाठीवरून काढून ठेवली आणि हलक्या आवाजात म्हणाली, घेऊ दे आजीला. आईने निवडली ती राखाडी, लांबोडकी, जाड कापडाची पिशवीवजा बॅग, दोन्ही बाजूंना धरायला पट्टे असलेली. दुकानदाराने तिचे लिटर सांगितले, आम्ही कोणी ऐकले नाहीत. आमच्या घराने कोरी करकरीत घेतलेली ती पहिली बॅग, आणि तीसुद्धा काकूच्या सोयीने निवडलेली. बसस्टँडपर्यंत मी आईच्या दहा पावलं पुढे चालले.

गणपती आले. काकू आली, चुलतभाऊ गाडी घेऊन आला. घडी घातलेल्या बॅगा पडवीत येऊन बसल्या. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आई बॅगा भरायला बसली. आधी त्यांच्या तीन भरल्या. मग ती राखाडी ओढली. तळाला नारळ, त्यांच्या फटींतून आमसुलांच्या पुड्या, मग पीठ, मग तांदूळ, वर फणसपोळीच्या वळकट्या. मी विचारलं, आणि पोरीचे कपडे? आई म्हणाली, कपडे काय, ते वरून जातील. वरून काही जायला जागा उरली नव्हती. गुडघा देऊन चेन लावली तेव्हा ती लागली.

मुलीचे कपडे साडीच्या दुकानाच्या कापडी पिशवीत गेले. पांढरे गणवेश, आदल्या दिवशी तिने स्वतः इस्त्री केलेले, त्या पिशवीत गुंडाळून कोंबले. पुस्तकं दुसऱ्या पिशवीत. नर्स व्हायला निघालेली मुलगी बाजाराला निघाल्यासारखी दिसत होती. मी म्हणाले, ही बॅग कोणाची आहे सांग मला, हिची की त्यांची? आईने चेन पुन्हा एकदा ओढून बघितली. मुलगी म्हणाली, जाऊ दे ना आई, मला राहायला मिळतंय ना.

सकाळी सगळं पाखाडीवरून वर डांबरीवर नेलं. नेलं म्हणजे मी आणि मुलीने नेलं. चुलतभावाच्या पाठीत उसण भरली होती, गणपतीत नाचताना ती दिसली नव्हती. डिकीत आधी त्यांच्या बॅगा बसल्या, मग राखाडी. काकूने ती हाताने उचलून बघितली, जड लागली, तेव्हा भुवया वर गेल्या. आई पुढे होऊन म्हणाली, सगळं तुमचंच हाय वयनी, पोरगी काय रिकामी येणार नाय तुमच्याकडे. काकूच्या भुवया खाली आल्या. मग तिला कापडी पिशव्या दिसल्या. एवढं सगळं आमच्याकडे कुठे मावणार, असं म्हणून तिने त्या मुलीच्या मांडीवर ठेवायला सांगितल्या.

मुलगी पिशव्या घेऊन मागे बसली. काकू पुढच्या सीटवर बसली, ओढणी नीट केली, पट्टा लावला आणि मग काच खाली करून आईला म्हणाली, "पंधरा दिवसांत हिची दुसरीकडे सोय बघा हं. सुनेला घरात बाहेरचं माणूस चालत नाही."

डिकी बंद झाली होती. ती बंद होईपर्यंत काकू थांबली होती, हे मी शपथेवर सांगेन. आठ दिवस आमच्या घरात जेवली, आरतीला उभी राहिली, आईच्या हातचे मोदक वाखाणले, तेव्हा तिला ही गोष्ट आठवली नाही. सामान चढल्यावर आठवली. पंधरा दिवसांत हॉस्टेल मिळणार नव्हतं, हे तिला माहीत होतं. आणि बाहेरचं माणूस म्हणजे माझी मुलगी. माझ्या तोंडात त्या वेळी जे आलं ते मी इथे लिहीत नाही. ते बाहेर पडायच्या आत आईने माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की नंतर वळ दिसत होते.

मला वाटलं, नेहमीप्रमाणे गप्प बस म्हणते आहे. ती माझ्याशी बोलतच नव्हती. गाडीच्या मागे जाऊन तिने पुतण्याला सांगितलं, डिकी उघड रे. त्याला वाटलं आणखी काही भरायचं राहिलं. त्याने उघडली. आईने राखाडी बॅग दोन्ही हातांनी ओढून खाली घेतली, रस्त्याच्या कडेला उताणी केली आणि चेन उघडली. नारळ उतारावरून घरंगळत गटारापर्यंत गेले. मग तिने त्यांच्या तीन बॅगा काढल्या आणि त्याही तशाच ओतल्या. हातखंब्याकडे जाणारी एसटी हळू झाली, खिडक्यांतून माणसं बघायला लागली.

काकू गाडीतून उतरली. अगो, हे काय चालवलंयस, म्हणाली. आई मुलीच्या मांडीवरची पिशवी घेऊन गणवेश काढत होती, झटकत होती, घड्या घालून राखाडी बॅगेत रचत होती. "पोरीची बॅग भरतंय," ती म्हणाली.

काकू म्हणाली, "आमचा वाटा आहे हो त्यात."

"वाटा झाडावर हाय, वयनी. माणूस लावा आणि पाडून न्या."

मग तिने त्यांच्या बॅगांच्या घड्या घातल्या, एकीत दुसरी, दुसरीत तिसरी, जशा आल्या होत्या तशा, आणि काकूच्या हातात दिल्या. काकूने त्या घेतल्या. दुसरं काय करणार होती? मुलीची बॅग डिकीत गेली, अर्धी रिकामी, एका बाजूला कलंडलेली. मुलगी काचेतून माझ्याकडे बघत होती. गाडी गेली.

मला आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू, असा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. जे आईने करावं म्हणून मी जन्मभर तिच्याशी भांडले, ते तिने भर रस्त्यात करून दाखवलं होतं. मी गटारातले नारळ गोळा करता करता हसत होते, काकूचा चेहरा कसा झाला ते पुन्हा पुन्हा सांगत होते. आई पाखाडीच्या वरच्या पायरीवर बसली होती. ती हसत नव्हती. तिने विचारलं, "देतील ना गो तिला जेवायला?"

माझं हसू तिथेच थांबलं. इतक्या वर्षांत कधीही हे केलं असतं तरी चाललं असतं, आणि आईने ते नेमकं माझी मुलगी त्यांच्या गाडीत बसलेली असताना केलं होतं. त्यासाठी मी आईला दोष देऊ शकत नव्हते. काकूला देऊ शकत होते, आणि तो मी दिला, नारळ उचलून घरात नेईपर्यंत मोठ्याने दिला. त्याचा मुलीला काडीचा उपयोग नव्हता.

आठवड्याने मुलीचा फोन आला. एरवी ती घरातून बोलायची, त्या दिवशी मागे गाड्यांचे आवाज येत होते. कॉलेज चांगलं आहे म्हणाली. जेवायला देतात म्हणाली, तसं काही नाही. झोपायला स्वयंपाकघरात, सकाळी नारळ फोडून खवायचं कामही मुलीकडेच. मग म्हणाली, "आई, थोडे नारळ पाठवशील? आणि आजीचं कुळथाचं पीठ. मुंबईची आजी म्हणत होती, तेवढं आलं तर दिवाळीपर्यंत राहिलीस तरी हरकत नाही." आजीला सांगू नकोस, असंही म्हणाली.

आई खालच्या आळीत गेली होती तेवढ्यात मी भरायला घेतलं. गोणीत भरलं. बॅगेत भरलं असतं तर बॅग परत आली असती, आणि परत आली असती म्हणजे पुन्हा भरावी लागली असती. आई लवकर परतली. दारात उभी राहून तिने गोणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आत जाऊन आमसुलांची बरणी घेऊन आली आणि माझ्या शेजारी ठेवली. मी तोंड शिवायला दाभण आणि सुतळी मागितली, तिने ती दिली. संध्याकाळी हायवेवर हातखंब्याला जाऊन मी ती गोणी मुंबईच्या खाजगी बसमध्ये चढवली.

भरताना एक नारळ हाताला लागला होता. हलवला तर आत पाणी नव्हतं, डोळ्यापाशी वास येत होता. तो मुद्दाम तळाला घालावा असं माझ्या मनात आलं, आणि मी तो घातलाही. मग पुन्हा सगळी गोणी उपसून बाहेर काढला. त्या घरात नारळ कोण फोडतं आणि नासका निघाला तर कोणाला बोलून घ्यावं लागतं, ते मला ठाऊक होतं. त्याच्या जागी मी सगळ्यांत मोठा नारळ घातला.